आखूड पायांची परीक्षा

काही कुत्र्यांकडे बघितलं की माणसाला हसू येतंच. डाक्सहुंड त्यातला पहिला. लोडासारखं लांब अंग, त्याखाली घाईघाईत बसवल्यासारखे चार आखूड पाय, लोंबते कान, आणि चेहऱ्यावर मात्र एखाद्या मामलेदाराचा रुबाब. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांमध्ये हा कुत्रा आता नवा नाही. कुणी त्याला 'डॅशहाउंड' म्हणतं, कुणी 'डॅशंड', आमच्या सोसायटीतली मुलं सरळ 'सॉसेज' म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचे दोन तुकडे आहेत. 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीत खोल बिळं करून राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला युरोपातला एक जाडजूड प्राणी. आणि 'हुंड' म्हणजे नुसता कुत्रा. इंग्रजांनी त्या 'हुंड'चं आपल्या सोयीने 'हाउंड' करून टाकलं आणि त्याला मागावर धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या गटात बसवलं. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेला अजूनही त्याला नक्की कुठे बसवावं ते ठरवता आलेलं नाही. तिच्या यादीत चौथा गट असा आहे की त्यात डाक्सहुंड सोडून दुसरी एकही जात नाही. वर्गात एकच विद्यार्थी!

खुद्द जर्मन शिकारी त्याला डाक्सहुंड म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'टेकेल', आणि बाकीचे लोक लाडाने 'डाकेल'.

नोकरीच्या निमित्ताने मी दीडएक वर्ष दक्षिण जर्मनीत होतो. घरमालक सत्तरीचे, शिकारीचा परवाना बाळगून असलेले. त्यांच्याकडे राठ केसांची एक टेकेल कुत्री होती. एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. आपल्याकडे मुलांच्या दहावीच्या मार्कशीट जपून ठेवतात ना, तशी ती फाईल होती. कुत्रीच्या मार्कशीट! एक ससा या विषयाची, एक जखमी हरणाच्या मागाची, एक पाण्याची, एक बिळाची. प्रत्येक विषयाखाली परीक्षकांच्या सह्या. सोबत नियमांचं पुस्तक, आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापेक्षाही बारीक टाईपातलं.

मला स्वतःला शिकारीचं आकर्षण नाही. बंदूक मी जत्रेतल्या फुग्यांवरच चालवलेली आहे. पण नियमांची पुस्तकं मला वाचायला आवडतात. एखाद्या समाजाने काय भोगलं आणि कशाची लाज वाटून काय बदललं, हे नियमांत जसं उतरतं तसं भाषणांत उतरत नाही. त्यामुळे ते पुस्तक मी डिक्शनरी घेऊन चवीने वाचलं. पुढे त्यामागचा इतिहास मिळेल तसा वाचत गेलो. आज त्याबद्दल.

सुरुवात बिळापासूनच करायला हवी. १५६१ साली ज्याक द्यु फुयू नावाच्या फ्रेंच उमरावाने शिकारीवर एक ग्रंथ लिहिला, त्यात बॅजरच्या बिळात सोडायच्या आखूड पायांच्या कुत्र्यांचं वर्णन येतं. जर्मनीत हान्स फ्रीडरिश फॉन फ्लेमिंगचा शिकारीवरचा मोठा ग्रंथ १७१९ चा, त्यातही हे कुत्रे भेटतात. त्या काळी त्यांच्याकडून एकच काम हवं होतं. बिळात शिरायचं, बॅजरला गाठायचं, आणि वर माणसं कुदळ-फावडी घेऊन पोचेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बॅजर वजनाने कुत्र्यापेक्षा जड, त्याचे पंजे खोदकामाचे आणि जबडा भयंकर. बीळ अंधारं, अरुंद, अनेक फाटे असलेलं. मालक दोन मीटर मातीच्या वर. कुत्र्याला काय करायचं ते सांगणारं कुणी नाही, 'परत ये' म्हटलेलं ऐकू येण्याची खात्री नाही. आत काय चाललंय हे वरच्या माणसाला कळण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे कुत्र्याचा आवाज. जमिनीला कान लावून आवाज कुठून येतोय ते ऐकायचं आणि तिथे खणायचं. आवाज थांबला की शोधही थांबला.

म्हणून या कुत्र्यात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या. एक, स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणं. आज घरोघरी लोक तक्रार करतात की हा कुत्रा फार हट्टी आहे, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. बरोबर आहे, हाक ऐकून वागणारा कुत्रा बिळात काय कामाचा? दुसरी गोष्ट, त्या इवल्या देहातून निघणारा तो खर्जातला, मोठ्या कुत्र्याला शोभेल असा आवाज. शेजारी ज्या आवाजामुळे भांडतात, तो आवाज दोन मीटर मातीतून वर ऐकू यावा म्हणून घडवलेला आहे.

पण मग ससा, हरीण, बदक हे विषय अभ्यासक्रमात आले कुठून?

त्याचं उत्तर १८४८ मध्ये आहे. त्याआधी जर्मन मुलखांत दुसऱ्याच्या जमिनीवरही शिकार करण्याचा हक्क राजे-सरदारांकडे असे. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात हरणं शिरली तरी त्याने हात चोळत बसायचं. आपल्याकडच्या संस्थानी काळातल्या शिकारखान्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. १८४८ च्या क्रांतीत हा हक्क मोडला आणि शिकार जमिनीच्या मालकीशी जोडली गेली. सरदारांकडे सशासाठी वेगळे, हरणासाठी वेगळे, रानडुकरासाठी वेगळे कुत्र्यांचे कळप असत. त्यांना सांभाळायला नोकर असत. आता बंदूक आली गावच्या डॉक्टरच्या, वनरक्षकाच्या, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या हातात. त्याला परवडणार एक कुत्रा. आणि त्या एकाने सगळं करावं ही त्याची अपेक्षा. बिळातला हा छोटा कुत्रा मग जमिनीवर आला. त्याला ससा हुसकावायला लावलं, जखमी हरणाचा माग काढायला लावलं, मारलेलं बदक पाण्यातून आणायला लावलं. एका विषयाचा तज्ज्ञ होता, त्याला सगळे विषय घ्यावे लागले.

त्याच सुमाराला दुसरीकडे वेगळंच चाललं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या घरात हे कुत्रे होते, त्यामुळे इंग्लंडात त्यांची फॅशन आली. तिथे डाक्सहुंड क्लब निघाला १८८१ साली. जर्मनीतला टेकेल क्लब बर्लिनमध्ये स्थापन झाला तो १८८८ मध्ये. म्हणजे कुत्रा जर्मन, पण त्याचा पहिला क्लब इंग्रज! इंग्लंडात कुत्र्याला गालिच्यावर उभं करून बघायचे: डोकं किती लांब, छाती किती खोल, अंग किती लांब. जर्मनांनीही प्रदर्शनं भरवली, पण त्याच्या जोडीला कामाच्या परीक्षा घेत गेले. जातीचं भवितव्य कुणी ठरवायचं, गालिच्याने की रानाने, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

आता त्या परीक्षेकडे वळतो. मी सगळे विषय सांगत बसत नाही, मला विचार करायला लावणारे तेवढेच सांगतो.

पहिला ससा. परीक्षकांसमोर शेतातून एक ससा उठतो आणि दिसेनासा होतो. मग कुत्र्याला सशाच्या वाटेवर आणून सोडतात. सशाला पकडायचं नाही. आखूड पायांच्या कुत्र्याला तो सापडणारही नाही. कुत्र्याने फक्त नाकाने त्या वाटेवरून जायचं, आणि वास येत असेल तोवर भुंकत जायचं. परीक्षक तिथे उभे राहून ऐकतात. ससा दिसल्यावर कुठलाही कुत्रा भुंकेल, त्याला गुण नाहीत. ससा दिसत नसताना केवळ वासावर भुंकला तर गुण. आणि वास नसतानाच, उत्साहाच्या भरात भुंकणारा कुत्रा असतो, तो नापास. जर्मन भाषेत या तिन्ही प्रकारांना वेगवेगळे शब्द आहेत.

मला हा नियम फार आवडला. कारण इथे परीक्षा आवाजाची नाहीच, सचोटीची आहे. शिकारी झाडीच्या पलीकडे उभा असतो, त्याला कुत्रा दिसत नसतो. त्याने कुत्र्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. 'मी माग धरलाय' असं कुत्रा म्हणतो तेव्हा त्याने खरंच धरलेला असला पाहिजे. मनात येईल तेव्हा भुंकणारा कितीही जोरात भुंकला तरी उपयोगाचा नाही. (आपल्या आसपासच्या काही मंडळींनाही ही परीक्षा लावावी असं वाटून गेलं. असो.)

दुसरा विषय रानसशांच्या बिळाचा. इथे कुत्र्याचा आकार मोजण्याची पद्धत कळते. इंग्रजी पद्धतीत कुत्र्याचं वजन करतात. जर्मन पद्धतीत टेप घेऊन छातीचा घेर मोजतात, तोही कुत्रा किमान पंधरा महिन्यांचा झाल्यावर. मोठा, लहान आणि सर्वांत लहान असे तीन आकार त्यावरून ठरतात. कारण सरळ आहे. बिळाला वजनाशी देणंघेणं नसतं. छाती आत गेली तर कुत्रा आत गेला. सर्वांत लहान आकाराचं नावच 'सशाचा टेकेल' असं आहे. आपल्याकडे 'मिनिएचर' म्हणून जो विकला जातो त्याचा उगम हा असा बिळाच्या तोंडाशी आहे.

तिसरा विषय रानडुकराचा. यासाठी जंगलाच्या कुंपण घातलेल्या तुकड्यात डुकरं ठेवलेली असतात. कुत्र्याने त्यांना शोधायचं, त्यांच्यावर भुंकायचं, आणि अंतर राखायचं. अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला इथे शूर म्हणत नाहीत. सुळे असलेल्या जनावराशी भिडणारा आखूड पायांचा कुत्रा फार दिवस जगत नाही, आणि मेलेल्या कुत्र्याचा वंश वाढत नाही. घरमालक म्हणाले होते की भित्रा कुत्रा निरुपयोगी आणि निर्भय कुत्रा त्याहून निरुपयोगी. दोन्हींच्या मधली ती जागा शोधण्यासाठी हा विषय आहे.

चौथा विषय बंदुकीचा. गोळीचा आवाज ऐकून शेपूट घालणारा कुत्रा तिथेच संपला.

गुण देण्याची रीतही बघण्यासारखी आहे. प्रत्येक विषयात परीक्षक शून्यापासून चारपर्यंत गुण देतात. मग त्या विषयाच्या महत्त्वाप्रमाणे त्याला गुणतात. बेरीज तर होतेच, पण पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीसाठी प्रत्येक महत्त्वाच्या विषयात किमान गुण ठरलेले असतात. म्हणजे माग काढण्यात पैकीच्या पैकी मिळवणारा कुत्रा सशावर खोटं भुंकला तर त्याला पहिली श्रेणी मिळत नाही. एका विषयाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. ज्याचे आईवडील आणि आजी-आजोबा अशा परीक्षा उतरलेले असतील त्याच पिल्लाच्या वंशावळीवर 'शिकारी कामगिरीचं घराणं' असा शिक्का बसतो.

इथवर सगळं ठीक होतं. पण या पुस्तकात एक विषय असा आहे की जिथे मला थांबावं लागलं. तो म्हणजे कोल्हा.

बिळातल्या कामाची परीक्षा घ्यायची तर बिळात कुणीतरी हवं. नैसर्गिक बिळात कोल्हा असेलच याची खात्री नसते. म्हणून माणसांनी लाकडी किंवा सिमेंटच्या बोळांचं खोटं बीळ बांधलं आणि त्यात पकडलेला कोल्हा ठेवला. सुरुवातीच्या काळात कुत्र्याची 'धार' बघत, म्हणजे तो चावतो का, भिडतो का. कोल्ह्याच्या बाजूने ही परीक्षा नव्हती. ही त्याला विचारून न घेतलेली प्रश्नपत्रिका होती, आणि प्रत्येक परीक्षार्थी येऊन ती फाडणार होता.

या प्रकाराला पहिला कायदेशीर अडसर घातला तो १९३३ मध्ये, आणि तो घातला हिटलरच्या राजवटीने. २४ नोव्हेंबर १९३३ च्या प्राणिरक्षण कायद्यात स्पष्ट कलम होतं की जिवंत मांजर, कोल्हा किंवा इतर प्राण्यांवर कुत्र्याची धार तयार करायची नाही आणि तपासायचीही नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये डाखाउची छळछावणी उघडली होती. कोल्ह्याच्या वेदनेची कलमं लिहिणारे हात आणि माणसांना काटेरी तारेमागे ढकलणारे हात एकाच सरकारचे. प्राण्यांबद्दलची दया हा माणुसकीचा पुरावा असतो असं आपण सहज म्हणून जातो. १९३३ साल आठवलं की मला तसं म्हणवत नाही. आणि तरीही ते कलम चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही. चांगला नियम वाईट माणसाच्या हातूनही लिहिला जाऊ शकतो, एवढंच आपल्याला मान्य करावं लागतं.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने नवा प्राणिरक्षण कायदा केला तो २४ जुलै १९७२ रोजी, आणि धारेची परीक्षा घ्यायची नाही हे कलम त्यातही राहिलं. ते आजही आहे. त्यानंतर महिन्याभरातच म्युनिकला ऑलिम्पिक भरलं. त्याचं शुभचिन्ह कोण होतं आठवतंय? 'वाल्डी' नावाचा रंगीबेरंगी पट्ट्यांचा डाक्सहुंड. मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर त्याच्या आकाराचा आखला होता. आणि ते ऑलिम्पिक चालू असतानाच, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, इकडे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. या तीन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या मनात त्या आता एकत्रच येतात.

कोल्ह्याची परीक्षा मात्र बंद झाली नाही, बदलली. आता खोट्या बिळात कोल्हा आणि कुत्रा यांच्यामध्ये जाळी किंवा झडप असते, दोघांचा स्पर्श होत नाही. कुत्र्याने जाळीपाशी ठाण मांडून भुंकत राहायचं, एवढ्याला गुण. शिकारी म्हणतात, कुत्र्याला आधी सुरक्षित जागी शिकवलं नाही तर खऱ्या बिळात तो मरेल. प्राणिमित्र म्हणतात, जाळी असली तरी भीती जाळीतून आत जातेच, आणि कोल्ह्याने हे रोज का सोसावं? मी दोन्ही बाजू वाचल्या. मला दुसरी बाजू पटते. स्पर्श टाळला म्हणजे त्रास टळला असं कोल्ह्याला कुणी समजावून सांगू शकत नाही.

पण याच पुस्तकात याच्या अगदी उलट टोकाचा एक विषय आहे, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार त्यात आहे. जखमी हरणाच्या मागाचा विषय.

शिकाऱ्याची गोळी दरवेळी वर्मी लागत नाही. हरीण जखमी होऊन पळतं, झाडीत कुठेतरी पडतं आणि तासन्‌तास तडफडतं. जर्मन कायद्याप्रमाणे अशा जनावराचा शोध घेऊन त्याच्या वेदना लवकर संपवणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य आहे. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत यासाठी लायक ठरलेला कुत्रा उपलब्ध असलाच पाहिजे असं बंधन आहे. म्हणजे ही परीक्षा हौसेची नाही, तिला कायद्याचा आधार आहे. आणि या कामाला आखूड पायांचा कुत्रा उत्तम. नाक जमिनीलगत, चाल संथ, मागून लांब दोरी धरून माणसाला चालता येतं.

परीक्षा अशी. जंगलात साधारण एक किलोमीटरची वाट आखतात, तिला काटकोनात दोन वळणं देतात. त्या वाटेवर रक्ताचे थेंब टाकत जातात. एक किलोमीटरला रक्त किती? पाव लिटर. म्हणजे चहाचे दोन-तीन कप. हे रक्त मारलेल्या जनावराचं जपून ठेवलेलं असतं. दुसऱ्या एका प्रकारात बुटांच्या तळाला हरणाचे खूर बांधून माणूस चालत जातो, तेवढ्या खुणेवर कुत्र्याने जायचं. मग ती वाट तशीच ठेवायची, किमान वीस तास. रात्र तिच्यावरून जाते, दव पडतं, पाऊस येतो, दुसरी हरणं ती ओलांडून जातात. वरच्या परीक्षेत चाळीस तास. त्यानंतर कुत्र्याला तिथे आणतात. दोरी किमान सहा मीटरची. परीक्षक मागे चालतात आणि गप्प राहतात. कुत्रा वाट सोडून फार भरकटला तर त्याला परत आणतात. असं दोनदा चालतं, तिसऱ्यांदा नापास.

एकदा मी अशा परीक्षेला प्रेक्षक म्हणून गेलो होतो. बघण्यासारखं तसं काही नसतं. ओलं जंगल, एक म्हातारा, एक कुत्री आणि मागे तीन गंभीर माणसं. मध्येच एका वळणावर कुत्री थांबली. सरळ पुढे ताज्या हरणाचा वास असणार, कारण चिखलात खूर उमटलेले मलाही दिसत होते. ती त्या दिशेने चार पावलं गेली, थबकली, परत आली, आणि कालच्या शिळ्या रक्ताच्या वाटेवर उजवीकडे वळली. एका परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. समोर पळता येईल असं ताजं जनावर असताना तिने आदल्या दिवशीचं जखमी जनावर निवडलं होतं. ते जनावर अर्थात खोटं होतं, पण तिला ते माहीत नव्हतं.

या एका परीक्षेत कुणाला मारायचं नाही, कुणाला घाबरवायचं नाही. आणि तीच सर्वांत अवघड आहे. बॅजरला बिळात कोंडण्यासाठी घडवलेल्या कुत्र्याची मोठी परीक्षा आज जखमी जनावराच्या यातना कमी करण्याची आहे. शिकार योग्य की अयोग्य हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. मुळात गोळीच घातली नसती तर माग काढावा लागला नसता, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण तीनशे वर्षांत या नियमांची सुई कुठून कुठे सरकली, हे बघण्यासारखं आहे.

आता परीक्षा न घेतल्यावर काय होतं तेही बघू. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला डाक्सहुंड पाच वर्षांचा असताना सोफ्यावरून उतरला आणि मागचे पाय ओढत चालायला लागला. मणक्यातली चकती सरकली होती. या जातीत साधारण चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की डाक्सहुंड, कोर्गी, बॅसेट यांचे आखूड पाय एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे येतात. त्याच जनुकाच्या आणखी एका प्रतीचा संबंध चकतीच्या आजाराशी आहे, हे २०१७ मध्ये कळलं. म्हणजे परीक्षा घेतल्या म्हणून हा आजार नाहीसा होईल असं नाही, तो जातीच्या मुळाशी आहे. पण किती लांब अंग आणि किती आखूड पाय चालवून घ्यायचे, हे माणसाच्या हातात असतं. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की छातीचा तळ आणि जमीन यांत खांद्यापर्यंतच्या उंचीच्या सुमारे एक तृतीयांश अंतर हवं. रानात धावणाऱ्याला हे अंतर लागतंच. गालिच्यावर उभं राहणाऱ्याला ते नसलं तरी बक्षीस मिळू शकतं. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने या गालिच्याच्या शर्यतीवर झोड उठवली, तेव्हा ब्रिटनच्या केनेल क्लबला सगळ्याच जातींच्या मानकांचा फेरविचार करावा लागला. आपण ज्याला बक्षीस देतो तेच वाढत जातं, मग ते कुत्र्याचं अंग असो की आणखी काही.

हे वाचताना मला आपला कारवान हाउंड आठवत होता. आपण त्याला करवानी म्हणतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या माळरानांवरचा तो उंच, सडपातळ, बरगड्या दिसणारा कुत्रा. त्याचा भाऊबंद मुधोळ हाउंड. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं, २०१६ मध्ये त्याची पिल्लं लष्कराच्या मीरतच्या केंद्रावर चाचणीसाठी गेली. या कुत्र्याची परीक्षा कधी कागदावर नव्हती. माळावर ससा उठायचा, कुत्रा सुटायचा, आणि गावाला कळायचं की कुणाचा कुत्रा काय लायकीचा. पिल्लं कुणाची घ्यायची हे त्यावरून ठरायचं. १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपवली. ते योग्यच झालं. ज्या माळावर काळवीट आणि चिंकारा मोजण्याइतके उरले होते तिथे कुत्र्याची लायकी ठरवण्यासाठी त्यांचे जीव घालवणं परवडणारं नव्हतं.

पण त्या कायद्याबरोबर करवानीची परीक्षाही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी आणली नाही. आता त्याला प्रदर्शनात उभा करतात, उंची आणि डौल बघतात. इंग्लंडातल्या गालिच्यावर डाक्सहुंडाचं जे झालं तेच इथे व्हायला किती पिढ्या लागतील? लष्कराने नवं काम देऊन बघितलं, ही मला आशेची गोष्ट वाटते. कोरड्या माळावर दूर अंतर न थकता कापणं, लांबवरची हालचाल टिपणं, उन्हात तग धरणं, हे सगळं एकाही सशाला न दुखवता तपासता येईल. त्यासाठी कुणीतरी बसून विषय ठरवायला हवेत, गुण ठरवायला हवेत, आणि नापास करण्याची हिंमत हवी.

जर्मनांचं ते पुस्तक एका दिवसात झालेलं नाही. त्यात चुका आहेत, कोल्ह्याचं पान तर मला अजूनही खुपतं. पण कुत्रा कशात चांगला असायला हवा, आणि ते तपासण्याची किंमत कुणी मोजायची, हे दोन प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले आणि दर खेपेला उत्तर थोडं बदललं. आपण करवानीसाठी ते अजून एकदाही विचारलेले नाहीत. सुरुवात करायची तर त्या पाव लिटरच्या पानापासून करावी असं मला वाटतं.